सालमपंजा विकू नका, लिहून देऊ नका: खान्देशातील काष्ठौषधी विक्रेत्यांना आणि वैद्यांना खुले पत्र

प्रति,
काष्ठौषधी विक्रेते आणि वैद्य मंडळी,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे

विषय: हिमालयातून उपटून आणलेल्या सालमपंजाची खरेदी, विक्री आणि चिकित्सेतील वापर थांबवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

कापसाचे पैसे हातात येऊ लागले आणि थंडीने जोर धरला की आपल्याकडच्या काष्ठौषधीच्या दुकानांतली गर्दी वाढते. डिंक, गोडंबी, खारीक, कमरकस, मेथी अशी लाडवांची यादी घेऊन माणसे येतात आणि त्या यादीच्या शेवटी मुसळी, अश्वगंधा आणि ज्याला परवडेल त्याच्याकडे सालमपंजा लिहिलेला असतो. बाळंतिणीच्या लाडवांत, अशक्तपणा आलेल्या माणसाच्या पाकात आणि पुरुषांसाठीच्या वाजीकर, म्हणजे कामशक्ती वाढवणाऱ्या, चूर्णांत हा कंद आपण वर्षानुवर्षे घालत आलो आहोत. माझी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे की या हिवाळ्यापासून हा कंद आपण मागवू नये, विकू नये आणि रुग्णांना लिहून देऊ नये. एवढी स्पष्ट मागणी का करतो आहे, ते सविस्तर सांगणे माझे कर्तव्य आहे, म्हणून हे पत्र थोडे लांबणार आहे.

सालमपंजा ज्या वनस्पतीपासून मिळतो तिचे आजचे शास्त्रीय नाव डॅक्टिलोरायझा हटागिरिया असे आहे. आपल्यापैकी जुन्या वैद्यांच्या संग्रहातील निघंटूंच्या, म्हणजे औषधी द्रव्यांच्या कोशांच्या, आवृत्त्यांत ती ऑर्किस लॅटिफोलिया या नावाने आढळेल. ती ऑर्किड कुळातली आहे. ऑर्किड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झाडाच्या फांदीवर वाढणारी आमरी येते, पण ही जमिनीत वाढणारी आमरी आहे आणि तिचे घर आपल्यापासून फार दूर, अफगाणिस्तान व पाकिस्तानपासून भारत, नेपाळ, भूतान आणि चीनपर्यंत पसरलेल्या हिंदुकुश-हिमालयाच्या उंच उतारांवर आहे. शेजारच्या बागलाणातला साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला १५६७ मीटरवर आहे आणि आपले तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर. ही वनस्पती बहुतेक ठिकाणी २८०० मीटरच्या पुढे, जिथे झाडांची हद्द संपत येते आणि मोकळी कुरणे सुरू होतात, तिथे वाढते. गढवालात या कुरणांना बुग्याल म्हणतात. वर्षातले निम्म्याहून अधिक महिने ती बर्फाखाली असतात. बर्फ वितळल्यावर जे चार-पाच महिने मिळतात तेवढ्यातच या रोपाला पाने काढायची असतात, गुलाबी-जांभळ्या, ठिपक्यांच्या फुलांचा दाट तुरा उभा करायचा असतो, बी पिकवायचे असते आणि पुढच्या वर्षाची तरतूदही करून ठेवायची असते.

ती तरतूद म्हणजेच आपल्या दुकानातला पंजा. हा मुद्दा नीट समजून घ्यावा, अशी माझी विनंती आहे, कारण सगळा प्रश्न याच्याशी बांधलेला आहे. फुलावर आलेले रोप मुळासकट उकरले तर जमिनीखाली एक नव्हे, दोन कंद दिसतात. त्यांतला एक काळपट, सुरकुतलेला आणि मऊ पडलेला असतो. त्याने या वर्षीचे खोड, पाने आणि फुले पोसलेली असतात आणि हंगामाअखेर तो कुजून जातो. दुसरा पांढरट, भरीव आणि टणक असतो, त्याला तीन ते पाच बोटे फुटलेली असतात, आणि पुढच्या वर्षी बर्फ वितळल्यावर रोप त्यातूनच वर येणार असते. बाजाराला हवा असतो तो हा दुसरा कंद. सुरकुतलेल्या कंदात दम नसतो, तो वाळवला की त्याचे काही उरत नाही, म्हणून उकरणारा माणूस तो तिथेच टाकतो आणि भरीव पंजा पिशवीत घालतो. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल: केळीचा घड कापला तरी बुंध्याशी पिले राहतात आणि त्यांवर पिलबाग उभी राहते, पण इथे कापणीच पिलाची होते. एक पंजा म्हणजे एक रोप कायमचे गेले. पंजाचा तुकडा आपण हातात घेतला तर तो फिकट पिवळसर-तपकिरी, शिंगासारखा कठीण आणि अर्धपारदर्शक लागतो. रात्रभर पाण्यात ठेवला की फुगतो आणि बोटाला बुळबुळीत लागतो. त्या चिकट द्रव्यात आणि पिठूळ भागात, आपण ज्याला पुष्टी म्हणतो ती, म्हणजे रोपाची पुढच्या उन्हाळ्याची शिदोरी असते.

मग बियांपासून नवी रोपे येत नाहीत का, असा प्रश्न आपण विचाराल. येतात, पण फार थोडी आणि फार सावकाश. या कुळातल्या एका बोंडात हजारो बिया असतात. मात्र त्या धुळीसारख्या बारीक असतात आणि त्यांत अंकुराला पोसणारे अन्न साठवलेलेच नसते. ज्वारीच्या दाण्यात अंकुरासाठी पीठ असते, तसे येथे काहीही नाही. मातीत विशिष्ट बुरशी असेल आणि तिने त्या बीला अन्न पुरवले तरच ते रुजते, आणि त्यानंतर ते फुलावर येण्यास कित्येक वर्षे लागतात. शिवाय बी पिकते ते पावसाळ्याच्या अखेरीस, तर रोप सहज ओळखता येते ते फुलाच्या दिवसांत, म्हणजे जून-जुलैपासून. उकरणारा फूल पाहूनच उकरतो, त्यामुळे त्या वर्षीचे बीही जमिनीवर पडत नाही. अलीकडे कीडाजडी, म्हणजे अळीवर वाढणारी महागडी औषधी बुरशी, गोळा करण्यासाठी बर्फ वितळताच शेकडो माणसे बुग्यालांत मुक्कामाला जातात, आणि एवढ्या उंचीवर गेलेला माणूस दिसेल ती मोलाची जडीही सोबत आणतो. तिथल्या माणसांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. गढवालातल्या गावांत भाद्रपदातली नंदाष्टमी होईपर्यंत उंच कुरणांतल्या वनस्पती तोडायच्या नाहीत, असा रिवाज होता. आपल्या सातपुड्यात नवाई झाल्याशिवाय नवे धान्य तोंडात घालत नाहीत, त्याच जातीचा तो नेम आहे, आणि नंदाष्टमीपर्यंत बहुतेक वनस्पतींचे बी पिकून झडत असल्यामुळे त्यात मोठे शहाणपण होते. हा नेम मोडायला तिथल्या लोकांची हाव कारणीभूत झाली, असे मला वाटत नाही. दूरच्या बाजारांतली मागणी त्यांच्या दारापर्यंत पोहोचली आणि तिने तो मोडला. त्या दूरच्या बाजारांत जळगाव, धुळे, अमळनेर, शहादा हेही येतात.

डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथील जैवविविधता परिषदेच्या वेळी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने नामशेष होण्याचा धोका असलेल्या जीवांची आपली लाल यादी अद्ययावत केली, तेव्हा हिमालयातल्या तीन औषधी वनस्पतींची नावे तिच्यात आली. त्यांपैकी डॅक्टिलोरायझा हटागिरियाची नोंद ‘संकटग्रस्त’ या वर्गात झाली. अधिवासाचा ऱ्हास, गुरांची चराई, जंगलतोड आणि हवामानबदल अशी कारणे त्या वेळी दिली गेली. औषधासाठी होणारी उकराउकर या सगळ्यांवर भर घालते, आणि या कारणांपैकी तेवढ्या एकाच कारणावर आपला, म्हणजे दुकानदारांचा आणि वैद्यांचा, थेट ताबा आहे. संपूर्ण ऑर्किड कुळ वन्य जीव-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारात, म्हणजे साइटिसमध्ये, समाविष्ट आहे. भारत सरकारने १९९८ मध्ये ज्या रानटी वनस्पतींच्या निर्यातीला मनाई केली त्यांतही सालमपंजा आहे. निर्यातीला मनाई असली तरी देशांतर्गत बाजारात हा कंद खुलेपणाने फिरतो, कारण वाळलेला तुकडा हातात घेऊन तो कोणत्या डोंगरावरून, कोणाच्या परवानगीने आला हे सांगणे कोणालाही शक्य नसते. नेमकी हीच पळवाट बंद करणे आपल्या हाती आहे.

आपल्यापैकी काही विक्रेत्यांशी बोलताना मला एक उत्तर वारंवार ऐकायला मिळाले, आणि ते प्रामाणिकपणे दिलेले होते, हे मी मान्य करतो. आम्ही काही डोंगरावर जात नाही, दिल्लीच्या खारी बावलीतून किंवा अमृतसरच्या मंडीतून माल येतो, वर्षाला आमच्याकडे खपतो तो किलो-दोन किलो, तेवढ्याने काय होणार, असे ते म्हणतात. त्यांना माझे सांगणे असे आहे की दुकानातल्या छोट्या काट्यावर दहा ग्रॅम पंजे ठेवून एकदा नुसते मोजावेत, मग त्याला शंभराने गुणावे. येईल तो आकडा म्हणजे एका किलोसाठी उकरलेल्या रोपांची संख्या आहे, आणि ही रोपे एखाद्या शेतात ओळीने उभी नसतात, एका डोंगर-उतारावर इकडे चार, तिकडे दहा अशी विखुरलेली असतात. तीन जिल्ह्यांतल्या सगळ्या दुकानांचे किलो-दोन किलो एकत्र केले तर किती डोंगर-उतार रिकामे झाले असतील, याचा हिशोब आपल्याला माझ्यापेक्षा अधिक अचूक मांडता येईल, कारण व्यापाराची आकडेमोड आपली रोजची आहे.

दुसरी गोष्ट मालाच्या शुद्धतेची. मागणी मोठी आणि माल दुर्मीळ, अशी स्थिती आली की भेसळ ठरलेली असते. सालमच्या नावाखाली कोणत्याही कंदाचे तुकडे, इतर ऑर्किडांचे गोल कंद, आणि चूर्ण असेल तर नुसते पीठही खपवले जाते. गेल्या हिवाळ्यात आपल्याच भागातल्या एका दुकानात सालममिश्री म्हणून दिलेली पुडी मी घरी नेऊन पांढऱ्या कागदावर पसरून पाहिली. तीत बोटे असलेला एकही तुकडा नव्हता. सगळे गोलसर, कापून वाळवलेले काप होते आणि त्यांच्या कडांवर अजून लाल माती होती. दुकानदाराने फसवण्याच्या हेतूने ती पुडी दिली, असे मला वाटत नाही, कारण त्यालाही ती तशीच मिळालेली होती. पण ग्राहकाने महागड्या औषधाचे दाम मोजले आणि घरी नेले भलतेच काही, हे तर खरेच. जे द्रव्य खरे असेल तर एक दुर्मीळ वनस्पती मरते आणि खोटे असेल तर ग्राहक नागवला जातो, ते दुकानात ठेवण्यात आपल्या पेढीची पत राहत नाही.

आता वैद्य मंडळींना थोडे स्वतंत्रपणे लिहितो. आयुर्वेदावर आपली निष्ठा आहे आणि ती असावी. पण आयुर्वेदानेच दुर्मीळ द्रव्यांसाठी वाट काढून ठेवली आहे, याचे स्मरण मी आपल्याला करून द्यावे, हा थोडा आगाऊपणा होईल, तरी करतो. अष्टवर्गातील, म्हणजे आयुर्वेदातल्या आठ औषधींच्या गटातील, जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार वनस्पती आज ज्या समजल्या जातात त्या चारही जमिनीवर वाढणाऱ्या आमरीच आहेत आणि त्याही हिमालयातल्याच. त्यांची दुर्मीळता आजची नाही. सोळाव्या शतकातले वैद्य भावमिश्र यांनी आपल्या भावप्रकाश या ग्रंथात लिहून ठेवले की अष्टवर्ग राजांनाही अतिदुर्लभ आहे, म्हणून वैद्याने त्याच गुणांचे प्रतिनिधी द्रव्य घ्यावे, आणि पुढे ते प्रतिनिधीही सांगितले: मेदा-महामेदांच्या जागी शतावरी, जीवक-ऋषभकांच्या जागी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलींच्या जागी अश्वगंधा, ऋद्धी-वृद्धींच्या जागी वाराहीकंद. ज्या काळात रस्ते नव्हते, मोटारी नव्हत्या आणि एका दुकानातून दुसऱ्या दुकानात माल दोन दिवसांत पोहोचत नव्हता, त्या काळातल्या आचार्यांना द्रव्य दुर्मीळ झाले की हात आखडता घ्यावा, हे सुचले. सालमपंजाच्या बाबतीत तोच विवेक आपण लावला तर शास्त्राला सोडून काही केले, असे कोणी म्हणू शकणार नाही. बल्य (बळ देणारे), बृंहण (शरीर भरून आणणारे) आणि वाजीकर म्हणून आपण सालमपंजा जिथे योजता, तिथे शतावरी, अश्वगंधा, कवचबीज, गोखरू आणि लागवडीतली सफेद मुसळी यांपैकी काय कोणत्या रुग्णाला द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे आणि त्यात मी पडत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की चिठ्ठीवरच्या एका ओळीत बदल झाला की दुकानातली मागणी आपोआप बदलते. ग्राहक दुकानदाराचे ऐकेल न ऐकेल, वैद्याचे ऐकतो.

या द्रव्यांपैकी बरीचशी शेतात पिकतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. अश्वगंधेचे मोठे पीक आपल्या शेजारी नीमच-मंदसौर भागात घेतले जाते आणि नीमचची मंडी आपल्या व्यापाऱ्यांना नवी नाही. हलक्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत येणारे ते पीक आहे, त्यामुळे आपल्या कोरडवाहू पट्ट्यातही काही शेतकऱ्यांना ते घेता येईल. सफेद मुसळीची शेती आपल्या भागात काही शेतकऱ्यांनी करून पाहिली आहे आणि त्यांचे बरेवाईट अनुभव जमेला आहेत. विक्रेत्यांनी हमीने खरेदीचा शब्द दिला तर हा व्यवहार शेतकरी आणि दुकानदार अशा दोघांच्याही हिताचा होईल.

पण या ठिकाणी मला एका धोक्याबद्दल फार काळजी वाटते. हिमालयातला पंजा मिळेनासा झाला किंवा परवडेनासा झाला, की बाजाराची नजर जवळच्या कंदांकडे वळते. आपल्या सातपुड्यात, तोरणमाळच्या पठारावर आणि अक्राणीच्या डोंगरांतही जमिनीवर वाढणाऱ्या आमरी आहेत. पहिल्या पावसानंतर गवतातून वर येणाऱ्या युलोफिया प्रजाती, ज्यांच्या कंदांना आपल्याकडे अमरकंद म्हणतात, आणि श्रावण-भाद्रपदात पांढऱ्या फुलांचे तुरे काढणाऱ्या हबेनारिया प्रजाती या त्याच कुळातल्या आहेत. त्यांचेही बी तसेच धुळीसारखे असते, त्यांनाही रुजण्यासाठी तशीच बुरशी लागते आणि त्यांचाही पुढच्या वर्षाचा जीव कंदातच असतो. अमरकंद सालमच्या नावाने विकला जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. मी पाहिलेल्या त्या पुडीतली लाल माती कोणत्या डोंगराची होती हे मी सांगू शकत नाही, पण ती आपल्याच डोंगराची असू शकेल, या विचाराने मी अस्वस्थ आहे. म्हणून माझी विनंती सालमपंजाबरोबरच अमरकंदालाही लागू समजावी. भिल्ल आणि पावरा कुटुंबे स्वतःच्या घरातल्या औषधासाठी एखादा कंद काढतात, त्याला माझा आक्षेप नाही. ते ज्ञान त्यांचे आहे आणि एका घराच्या गरजेने डोंगर रिकामा होत नाही. आक्षेप पोत्यांनी होणाऱ्या खरेदीला आहे. ज्या दलालाने आठवडे बाजारात अमरकंदाचा भाव जाहीर केला, त्याने तो डोंगर उकरायला सांगितल्यासारखेच झाले. धडगाव-तोरणमाळ भागातल्या ग्रामसभांनी आणि जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी आपापल्या लोक जैवविविधता नोंदवहीत या जमिनीवरच्या आमरींची नोंद करावी आणि त्यांच्या घाऊक खरेदीला हद्दीत मनाई करावी, असे मी त्यांनाही स्वतंत्रपणे कळवणार आहे.

सालमपंजाची लागवड होऊ शकत नाही का, हा प्रश्न राहतो. गढवालातील श्रीनगर येथील उच्च पर्वतीय वनस्पती शरीरक्रिया संशोधन केंद्रात हिमालयातल्या उंचीवरच्या औषधी वनस्पतींच्या लागवडीवर अनेक वर्षे काम चालू आहे आणि २००० मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ लागवडीला साहाय्य देते. एखाद्या पहाडी शेतकऱ्याने रीतसर नोंदणी करून पिकवलेला कंद, त्या नोंदणीच्या कागदासह आणि वन विभागाच्या वाहतूक परवान्यासह आपल्याकडे आला, तर तो घ्यायला माझी हरकत असण्याचे कारणच नाही. उलट त्याला चार पैसे जास्त द्यावेत. पण ज्या मालाबरोबर असा कागद नाही, तो माल रानातून उपटलेलाच आहे असे गृहीत धरावे. आपल्या घाऊक व्यापाऱ्याला हा एक प्रश्न लेखी विचारून पाहावा: माल कोणत्या जिल्ह्यातला, कोणाच्या शेतातला, नोंदणी क्रमांक काय. उत्तर आले नाही तर ती मागणी रद्द करावी.

चारधामला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या बाबतीतही आपली मदत हवी आहे. खान्देशातून दरवर्षी गाड्या भरून माणसे केदारनाथ-बद्रीनाथला जातात आणि वाटेवर कापडावर मांडून बसलेल्या विक्रेत्यांकडून शिलाजित, कीडाजडी आणि पंजे घेऊन येतात. घरी आल्यावर ती पुडी घेऊन ते आपल्याकडेच येतात, खरी आहे का, कशी घ्यायची, हे विचारायला. त्या वेळी आपण दोन वाक्यांत त्यांना या रोपाची हकीकत सांगितली तर पुढच्या वर्षी त्यांच्या गावातून जाणारा यात्रेकरू ती पुडी आणणार नाही.

आपल्याजवळ आज शिल्लक असलेल्या सालमपंजाचे काय करायचे, हे मी सांगणे सोपे आहे आणि आपल्याला त्यात नुकसान आहे, याची मला जाणीव आहे. तो माल आधीच उपटला गेलेला आहे. तो संपवावा, पण नवा मागवू नये, आणि संपला की दुकानात त्या नावाची बरणी पुन्हा भरू नये. विक्रेत्यांच्या तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या संघटनांनी दिवाळीपूर्वी एक बैठक घेऊन तसा ठराव करावा आणि त्याची प्रत वैद्यांच्या संघटनांना पाठवावी. अशा कोणत्याही बैठकीत सालमपंजा आणि अमरकंद या दोन्ही कंदांचे नमुने, भेसळ ओळखण्याची रीत आणि हिमालयातल्या रोपाची छायाचित्रे घेऊन मी स्वखर्चाने येईन. आपण तारीख कळवावी.

आपला नम्र,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
अमळनेर, जि. जळगाव